पहिले तुन्हा पाय

परवा प्रकाशा गावाजवळच्या एका केळीच्या मळ्यात कुजलेल्या खताचा ढीग नुकताच उलटला होता. त्या आंबूस, उबदार वासानं माझं पाऊल आपोआप अलगद पडू लागलं. सोबतची मंडळी हसली. हसू द्या. या पावलामागे एक नाटक आहे; त्याचा नायक मी आणि खलनायकही मीच.

तापीकाठच्या आमच्या शाळेत हेडमास्तरांचा कचऱ्यावर फार जीव. जुन्या वह्यांची कोरी पानं उसवून नव्या वह्या शिवायच्या. पालापाचोळा, केळीची सोपटं मागच्या खड्ड्यात. आणि फुटक्या पाट्या, निबं, काचा व्हरांड्यातल्या पत्र्याच्या डब्यात. दर शनिवारी शाळेची शिपाईणबाई, आमची सगळ्यांची मावशी, खड्ड्यात शेणकाला ओतून तो थर अनवाणी तुडवायची. तिच्या पायांखालूनच शाळेच्या केळींचं खत तयार व्हायचं.

पाचवीत असताना एका शनिवारी माझ्या हातून वर्गाची शाईची बाटली फुटली. डब्यात टाकली असती तर निळी काच साऱ्या शाळेला दिसली असती. खड्ड्यात कोण बघतं? तुकडे पाल्याखाली पुरले आणि भोळा चेहरा करून वर्गात येऊन बसलो. तो चेहरा मला फार सुरेख जमे. मग खिडकीतून मावशी बादलीत शेण कालवताना दिसली, आणि तेव्हा कुठे मला तिचे पाय आठवले.

पोट दुखतंय म्हणून सुटलो आणि थेट खड्ड्यात उडी घेतली. तुकडे हाताला लागेनात. वर चढू पाहिलं, तर काळ्या मातीची ओली भिंत हातात येई आणि मी पुन्हा खाली. खाली माझी काच, वर बादलीचा आवाज, मध्ये मी. चौकोनी आभाळात मावशीचं डोकं उगवलं.

"कोन शे रे खड्डामा?"

ती पाय खाली सोडू लागली. एक शब्द बोललो नसतो, तर कुणाला कधीच कळलं नसतं.

"मावशी, उतरू नको! काच शे!"

"काच? कोनी टाकी?"

"मी."

ती काठावर बसली. "मंग तठेच ऱ्हाय, राजा. येच म्हन."

येच, म्हणजे वेच. दुपार कलेपर्यंत मी वेचत होतो आणि ती काठावर तुकडे जुळवत होती. बाटली उभी राहिली. बुडाचा एक तुकडा मात्र नव्हता. हात देऊन मला वर ओढताना ती म्हणाली, "तो तुकडा सापडस तवलोंग, दर शनवारले पहिले तुन्हा पाय, मंग मन्हा."

तवलोंग, म्हणजे तोवर. आणि तसंच झालं. पोरं नदीवर पळत आणि मी शेणकाल्यात तळव्यांनी चाचपत फिरे, चारी भिंतींच्या आत. पावसाळा गेला, थंडी गेली. शिमग्याच्या सुमारास टाचेत कळ उठली आणि मी आनंदानं किंचाळलो, "सापडनी!" मावशीनं हळद दाबून भरली, तुकडा पत्र्याच्या डब्यात टाकला. "जाय, सुटना तू."

पुढच्या शनिवारी सवयीनं मी खड्ड्याशी गेलोच. मावशी आधीच उतरली होती. खाली न बघता, गाणं गुणगुणत, भराभरा तुडवत होती. मी काठावर लंगडत उभा राहिलो. सुटलो होतो खरा. पण तिच्या प्रत्येक पावलाला माझा श्वास अडकत होता. तो अजून पुरता सुटलेला नाही.