आमचे सेक्रेटरी आणि त्यांचा फॅसिझम

आमच्या ह्यांना अख्खी बेकरी ‘सेक्रेटरी’ म्हणते. कामगार संघटनेचे सेक्रेटरी ना! मीही लाडाने तेच म्हणायचे. आता म्हणते ते दातओठ खाऊन.

पीठ मळायच्या मशीनवर उभं आयुष्य काढलं ह्या माणसाने. कोपरापर्यंत मैदा, चष्म्यावरही मैदा. तरुणपणी संघटनेच्या वर्गात कुणीतरी फॅसिझम म्हणजे काय ते शिकवलं आणि तो शब्द ह्यांच्या जिभेवर जो बसला तो उठेचना. दाढ काढणारा डॉक्टर फॅसिस्ट. आपल्या संघाविरुद्ध शिट्टी वाजवणारा पंच फॅसिस्ट. पाय पुसून आत या म्हटलं म्हणून माझी आईसुद्धा फॅसिस्ट! बिचारीला आधी वाटलं, जावई काहीतरी कौतुकाचं बोलतोय. मुलगी आणि मी पोट धरून हसायचो.

पण अर्थ विचारला की गडी एकदम गंभीर व्हायचा. “आधी एक शत्रू शोधायचा,” मला समजावायचे, “आपल्यातलाच, पण दुबळा. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडायचं. मग बाकीच्यांना धाक दाखवून रांगेत उभं करायचं. लोक म्हणतात, आपलं काय जातंय? तिथेच सगळं संपतं.” मी भाजी चिरता चिरता ऐकायचे. खोटं कशाला बोलू, नवऱ्याचा अभिमान वाटायचा.

मीही त्याच बेकरीत, पॅकिंगला. आणि भट्टीवर होता दादा. लहानपणी आईच्या कडेवर बसून नदीपलीकडून आला, तो भट्टीशेजारच्या खोलीतच म्हातारा झाला. भुवया कायमच्या जळालेल्या, त्यामुळे चेहरा सदा आश्चर्य वाटल्यासारखा. संघटनेची सभा दुपारी अंगणात भरायची, आणि नेमका तेव्हाच ब्रेड भट्टीत असायचा. दादाला हलता येत नसे. म्हणून पहिल्यापासून पद्धत पडली होती: मतदानाला सेक्रेटरी दोन हात वर करायचे. एक स्वतःचा, एक दादाचा. सभेआधी दादा भट्टीवरूनच ओरडायचा, “सेक्रेटरी, माझा हात तुमच्याकडे!” कशावर मतदान आहे हेही तो कधी विचारत नसे. इतका विश्वास!

मग गावात ते राखाडी शर्टवाले आले. आधी बाजारातला कचरा उचलला, लोक खूश. मग रस्त्यावर बसणारे फेरीवाले उचलले, तरी लोक खूशच. मी म्हटलं, “अहो, तुम्ही सांगायचात ते हेच ना?” तर म्हणाले, “ऊठसूट मोठे शब्द वापरू नयेत. पोरं शिस्तीची आहेत.” ऐकलंत? ऊठसूट! पंचाला जो शब्द चालतो तो ह्या शर्टवाल्यांना चालत नाही!

एके दिवशी ते शर्टवाले बेकरीच्या फाटकात येऊन उभे राहिले. नदीपलीकडचा माणूस कामावर नको, त्याची खोलीही रिकामी करा. आमच्या बेकरीत असा माणूस एकच. मालक भित्रा, पण वाईट नव्हता. त्याने ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “संघटनेने हरकत घेतली, तर मला त्यांच्यापुढे संघटनेकडे बोट दाखवता येईल. मी दादाला ठेवून घेईन.” म्हणजे सगळं आमच्या हातात होतं.

सभा भरली. फाटकात चार शर्टवाले, त्यातला एक मोबाइलवर चेहऱ्यांचे फोटो काढतोय. आतून दादाची हाक आली, “सेक्रेटरी, माझा हात तुमच्याकडे!” त्या गाढवाला कुणी धड सांगितलंही नव्हतं की आज सभा त्याच्यावरच आहे.

ह्यांनी ठराव वाचला. पलीकडून आलेल्यांना कमी करण्यास संघटनेची हरकत नाही. “बाजूने?” असं म्हणून पहिला हात ह्यांनीच वर केला. आणि मग दुसरा.

सवयीने गेला असेल, असं मी क्षणभर मनाला समजावलं. पण सवयीने गेलेला हात खाली घेता येतो की नाही? नाही घेतला. दोन्ही हात वर धरून उभा, फाटकातल्यांना नीट दिसावेत म्हणून! मग एकेक करून सगळ्यांचे गेले, माझ्या पॅकिंगच्या मैत्रिणींचेसुद्धा, माना खाली घालून.

“विरोधात?”

मी हात वर केला. अगदी समोर उभी होते. माझ्या डोळ्यांत बघितलं ह्यांनी, मग माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाले, “एकमताने मंजूर.”

घरी आल्यावर मी ताट आपटलं. तर म्हणे, तुलाच वाचवलं, तुझं नाव त्यांच्या डोक्यात राहिलं असतं. म्हटलं, उपकार झाले!

तेवढ्यात दारात दादा. खांद्यावर एक पिशवी, बस. मालकाने त्याला एवढंच सांगितलं होतं की संघटनेने हरकत घेतली नाही. दादा आत आला आणि ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले. “सेक्रेटरी, तुम्ही तरी काय करणार एकटे? आपली दोन मतं विरोधात पडली असणार, मला ठाऊक आहे. तेवढंच बास झालं मला.”

आणि हा माणूस म्हणाला, “हो दादा. फार प्रयत्न केला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “नाही दादा,” मी म्हटलं, “ह्यांनी दोन्ही हात ठरावाच्या बाजूने वर केले. तुमचासुद्धा.”

दादाने हात सोडले. पिशवी सावरत जिना उतरून गेला.

“काय गरज होती सांगायची?” हे माझ्यावरच खेकसले. “बिचारा समाधानाने तरी गेला असता!”

इतक्या वर्षांच्या संसारात तो शब्द मी कधी वापरला नव्हता, चेष्टेतसुद्धा नाही. तेव्हा पहिल्यांदा वापरला. तोंडावर, मोठ्याने. “फॅसिस्ट!”

हे रागावलेसुद्धा नाहीत. घाईघाईने उठले, खिडकी लावून घेतली आणि कुजबुजले, “हळू बोल ना, कुणी ऐकेल.”