अवसेचं टार्गेट

आहुप्याकडच्या आमच्या गावात मी डेअरीचं दूध संकलन केंद्र चालवतो. किती दूध जमलं, ते मशीनवरून थेट पुण्याच्या ऑफिसात दिसतं; रोजचं टार्गेटही तिथला कॉम्प्युटर मागचे आकडे बघून मशीनवर पाठवतो. दर अवसेला साहेबांचा ठरलेला फोन, "आज दूध का घसरलं?"

माझं डोकं फिरायचं. "साहेब, अवसेचं दूध आमी इकत न्हाई! देवाला दाखवून पोरासोरांना वाटतो."

त्यांना काही पटायचं नाही.

परवा सकाळी घरच्या दुधाचा कॅन घेऊन केंद्रावर गेलो. मशीन सुरू केलं, तर दिवसाचं टार्गेट शून्य! बिघाड समजून फोन उचलला, तेवढ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली. अवस होती.

अंगावर काटाच आला. आमचं गाव कधी न पाहिलेल्या कॉम्प्युटरनं आमची अवस पाळली होती.

मी कॅन उचलला आणि गुपचूप घरी परत नेला.