काजळीचा घोडा

कलावंत जातो, कला मागे उरते, असं अरविंदच्या शोकसभेत एकामागून एक तीन वक्ते म्हणाले. चौथे आमच्या शारजाच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी त्या भरात त्याच्या कामाचं प्रदर्शनच जाहीर केलं. अरविंदच्या बायकोने, नलिनीवहिनींनी, माझ्याकडे पाहिलं. प्रदर्शनात टांगायला काहीही नव्हतं, हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच माहीत होतं.

अरविंद माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा. अकरा वर्षं आम्ही एकाच गाडीने दुबईला कामाला गेलो. तो एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज करायचा. पाच आठवड्यांपूर्वी मी सकाळी गाडी सुरू करून खाली थांबलो होतो, उशीर होतोय म्हणून दोनदा हॉर्नही वाजवला... तिसऱ्यांदा वाजवणार तेवढ्यात वहिनींचा फोन आला. तो झोपेतच गेला होता.

त्याची तीस दिवसांची रजा ठरलेली असे. पंधरा दिवस पुण्याला आणि पंधरा झारखंडात, दुमक्याजवळच्या एका संथाळ गावात. दुबईत मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पवर त्या गावच्या एका गवंड्याने पुठ्ठ्यावर काढलेला मोर त्याने पाहिला आणि गावाचं नाव विचारून घेतलं. तिथे तो पोरांना घेऊन घरांच्या भिंती रंगवायचा. मंडळाच्या पत्रकात याला 'आदिवासी बालकला कार्यशाळा' म्हटलं होतं. तो म्हणायचा, पोरांबरोबर बसतो. पहिल्या वर्षी त्याने इथून अ‍ॅक्रिलिकचे डबे वाहून नेले. पोरं खूश. पण सोहराय सणाआधी तिथल्या बायका घरं माती-शेणाने नव्याने सारवतात, आणि त्या वर्षी माती त्या रंगावर धरेचना. बायकांनी विळे घेऊन भिंती खरवडल्या. पुढच्या खेपेस एका म्हातारीने त्याला अंगणात घेण्याआधी पिशवी उघडायला लावली. तेव्हापासून गेरू, पांढरी माती आणि जाळलेल्या पेंढ्याची काजळी. चित्रं वर्षभर टिकत, मग सारवली जात.

"फोटो तरी काढत जा," मी ट्रॅफिकमध्ये म्हणायचो.

"कशाला? तूच ये की बघायला."

"पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

"सरळ नाही म्हण, म्हणजे मी विचारणं सोडेन."

मी अकरा वर्षं इन्शाल्ला म्हणालो.

उरली होती ती एकच भिंत, त्याच्या हॉलमधली. शाम्पूच्या बाटलीत भरून आणलेली काजळी डिंकात कालवून त्याने सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगमधल्या पोरांना ती भिंत दिली होती. माझ्या मुलीने काढलेल्या कुत्र्याचं मी कौतुक केलं, तर ती म्हणाली, "बाबा, इट्स अ हॉर्स." अरविंद म्हणाला, "बापाला चष्मा बदलायला सांग."

अध्यक्षांना या भिंतीचा सुगावा लागला. फोटो काढू, फ्लेक्सवर मोठा करू, उद्घाटनाला कोणी मोठा माणूस बोलावू, असा त्यांचा बेत. इकडे वहिनी कायमच्या पुण्याला निघालेल्या, आणि फ्लॅट पांढरा करून परत द्यायचा होता. मी म्हणालो, "वहिनी, निदान एक फोटो घेतो."

"नको, भावजी. ह्यांना चाललं नसतं. तिकडच्या बायका दरवर्षी सारवतात, त्या काही शोकसभा घेत नाहीत. रंगवून टाका." मग थोड्या वेळाने, "मी मात्र वर तुमच्याकडे जाऊन बसते."

पेंटरने पहिला हात मारला, घोडा तसाच. दुसऱ्या हातानंतरही चार पाय आणि शेपूट दिसत होतं. "साब, ये काला बहुत जिद्दी है," तो म्हणाला. विळा आणू का, असं त्याला विचारावंसं वाटलं. तो जेवायला गेला तेव्हा मी रिकाम्या हॉलमध्ये रंगाच्या डब्यावर बसून राहिलो. इतक्या वर्षांत पाहिली नव्हती तेवढी ती भिंत त्या दुपारी पाहिली.

तिसरा हात वाळल्यावर घरमालकाचा माणूस आला. भिंतीकडे त्याने पाहिलंही नाही. किचनमधला नळ सोडून पाहिला, "खलास" म्हणाला आणि किल्ली घेऊन गेला.