नाकानं जेवणारे व्याही

जगातली झाडून सगळी माणसं तोंडानं जेवतात. आमचे व्याही तेवढे नाकानं जेवायचे. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, पण ह्यात एक अक्षर वाढवून लिहीत नाही.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. आता कोणी पाळत नाही. ह्या माणसानं बारा वर्षं पाळली. सूनबाईला मूल झालं नाही आणि व्याह्यांनी आमच्या फलटणच्या घरात पाण्याचा घोट घेतला नाही. तासगावाहून एसटीनं यायचे ते आपला डबा, पाण्याची कॅन आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पांढऱ्या वाईनची बाटली घेऊन. पलटणीत साहेबलोकांच्या मेसमध्ये वाढपी होते, तिथं ही विद्या शिकले. पेन्शनीत आल्यावर वाईनची द्राक्षं लावली. माल कारखान्याला जाई, आणि आपल्याच मालाच्या म्हणून चार बाटल्या घरी येत.

सोप्यात खुर्ची टाकून नाक स्वयंपाकघराकडं करून बसायचे. आत फोडणी पडली की ग्लास हलवून हुंगायचे आणि निकाल द्यायचे. "अळूवडी व्हय? झ्याक! ह्या वाईनीत लिंबाची साल हाय, दोघींचं जमतंय." नदीचा मासा तळला की खूष. तांबडा रस्सा उकळला की बाटलीला बूच. "त्यो हिला बोलूच देत न्हाई, पावणं. लय दांडगा." एकदा खर्डा वाटायला घेतला, तर भांडणातून लेकरू उचलावं तशी बाटली उचलून अंगणात गेले. आमची मंडळी म्हणायची, "आवं, वास घेता तर दोन घास खावा की." त्यावर उत्तर ठरलेलं, "विहीणबाई, वासाला रीत आडवी येत न्हाई."

माझा बाप दारूनं गेला. मी थेंब तोंडाला लावणार नाही, हे गावाला सांगून ठेवलेलं. तरी ग्लास माझ्या नाकापुढं यायचाच.

"पेरू येतोय का बघा. कच्चा. मागनं कापल्या गवताचा वास."

"गवत बैलाला घाला," मी म्हणायचो. "आंबूस पाणी हाय."

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. सांगलीला ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, श्वास तिथनं. आवाज गेला हे सगळ्यांना कळलं; नाकातून वाराच जात नाही म्हणून वासही गेला, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. बाग बघायला माणूस उरला नाही. वेली तोडल्या.

उन्हाळ्यात ते आले. डबा, कॅन, बाटली, आणि गळ्यात पाटी. पाटीवर लिहिलं, मी बोट ठेवून वाचलं : 'शेवटच्या मालाची. मला कळत नाही. तुम्ही सांगा.'

"मी पीत न्हाई, म्हाईत हाय तुमाला."

पुसून लिहिलं : 'माहीत आहे.' ग्लास तसाच पुढं धरलेला. आत सूनबाई अळूवडी तळत होती. त्यांचं नाक सवयीनं तिकडं वळलेलं, आणि चेहरा कोरा.

दर खेपेला त्या कॅननं माझ्या सुनेला तिची रिकामी ओटी दाखवली, हे त्या एवढ्या तिखट नाकाला कधी कळलं नव्हतं. मी म्हणालो, "पितो. पर आदी लेकीच्या हातचं खावा."

सूनबाई ताटली घेऊन दारात उभी होती. ते तिच्याकडं बघत राहिले. मग एक वडी उचलली आणि चावली. गिळताना गळ्याची शीर तटतटली. सूनबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

आता माझी पाळी. घोट घेतला. गार, आंबट, बाकी काही कळलं नाही.

"पेरू," मी म्हणालो. "कच्चा. मागनं गवत."

पाटीवर : 'लिंबू?'

"हाय की. अळूवडीसंगं जमतंय."

त्यांनी पाटी पुसली नाही. जाताना पाण्याची कॅन मात्र आमच्या सोप्यातच विसरून गेले.

श्रावणात ते वारले. परवा परसातल्या पेरूचं एक कच्चं फळ फोडलं, सहज नाकाशी धरलं, आणि त्या दुपारचा घोट जसाच्या तसा जिभेवर आला. होता की पेरू त्यात. इतके दिवस मला वाटत होतं, मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो. फोड हातात धरून मी सोप्यातल्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "पावणं, बरोबर हुतं तुमचं."