दोरीवरचे कपडे

गल्फमधल्या अल रुवैसच्या धक्क्यावर आम्ही मासे पकडायचे तारेचे सापळे विणतो. हात कामात असले की तोंड मोकळं राहतं, म्हणून इथे किस्से साचतात. पण फुटबॉल वर्ल्डकपच्या आधीचे किस्से सांगताना मला अजून राग येतो.

*

पाहुणे येणार म्हणून आमच्या खोल्यांसमोर एक भिंत उभी राहिली. पांढरीशुभ्र. देखरेखीला इव्हान साहेब आला, वेल्सचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "चाचा, ती कपड्यांची दोरी काढा. भिंतीवरून फोटोत लुंग्या येतात."

काढली. तेव्हापासून ओले कपडे खोलीत. सहा माणसं, एक पंखा. उशीलासुद्धा ओल यायची.

*

साहेबाने मोबाइलवर त्याचं गाव दाखवलं. डोंगर, छोटं बंदर, रंगीत घरं. बघायला येणाऱ्यांनीच अर्धी घरं विकत घेतलीत. हिवाळ्यात तिथे दिवा लागत नाही.

"उन्हाळ्यात माझ्या आईच्या दारात गाड्या लावतात," तो लालबुंद होऊन म्हणाला. "तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढतात."

आमचा रायगडचा जैनू शांतपणे म्हणाला, "मग आईला दोरी काढायला सांगा ना, साहेब."

साहेब त्या दिवशी चहा न घेताच गेला.

*

मग सजावट आली. भिंतीला एक जुनं लाकडी दार ठोकलं, मडकी मांडली, आणि एक दोरी बांधली. तिच्यावर कोरे कपडे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून दोरीलाच शिवून टाकलेले. जुनी मच्छीमार वस्ती दिसायला हवी म्हणे.

"आणि मच्छीमार?" मी विचारलं.

"तुम्ही भिंतीमागे," सजावटवाला म्हणाला.

*

जैनूने एकदा आपली ओली लुंगी त्याच दोरीवर टाकली. गार्ड धावत आला. "यल्ला, चल, काढ."

"वाळेपर्यंत थांब की."

"ही दोरी कपडे वाळवायला नाही," गार्ड म्हणाला.

*

साहेब दुपारी आईला व्हिडिओ कॉल करायचा. तीन दिवस कौतुकाने भिंत दाखवत होता. मी बाजूलाच तार वळत बसलेला. गल्फमध्ये आयुष्य गेलं, तेवढं इंग्रजी कळतं.

तिसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "इव्हान, ते कपडे परवापासून तसेच आहेत. कोणी काढले नाहीत. जा, दार वाजव. आतलं माणूस बरं आहे ना, बघ."

साहेब त्या दाराकडे बघत राहिला. मग फोन खिशात ठेवून माझ्या शेजारी येऊन बसला.

"चाचा," तो म्हणाला, "तुमची लुंगी कुठे वाळते?"