मोटारीला विचारणारे सोमाभाऊ

सोमाभाऊंबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागलं असतं. आता पंच्याऐंशी उलटली. आणखी कशासाठी थांबू?

पन्नास सालानंतरची ती वर्षं. माजरीजवळच्या एका कोळसा खाणीत मी विजेचं काम पाहत असे आणि सोमाभाऊ पंपाचे फिटर होते. अहेरीकडच्या जंगलातलं त्यांचं गाव. खाणीत उतरताना ते कानावर पळसाचं पान खोचून येत. मोटार दुरुस्त होऊन आली की पंपाला जोडण्याआधी ते पान ग्रीसनं तिच्या दांड्याला चिकटवत आणि म्हणत, "बाबू, चुटकीभर वीज द्या."

मी बटण दाबून लगेच सोडत असे. दिव्याच्या पिवळ्या उजेडात, कुठूनतरी ठिबकणाऱ्या पाण्याच्या नादात, ते पान झोपेत कूस बदलावी तसं फिरे. खाणीच्या एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला माजरी गाव. पान नदीच्या बाजूला झुकलं तर दिशा बरोबर. गावाच्या बाजूला झुकलं तर मोटार उलटी फिरतेय, मग तीन तारांतल्या दोन तारांची अदलाबदल करायची. जमिनीच्या पोटात त्यांना नदी कुठल्या अंगाला आहे हे कसं उमगे, देव जाणे.

मी घाई केली की हसत. "मोटार मुकी रायते, बाबू. तिले इचारा लागते. बायकोले इचारल्याशिवाय सासुरवाडीले जाता का तुमी?"

एके दिवशी खाणीत पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. वरून निरोपावर निरोप येत होते. नवं वाइंडिंग केलेल्या मोटारीच्या तारा मीच जोडल्या होत्या. सोमाभाऊंनी कानावरचं पान काढलं, तसा मी म्हणालो, "मी पाहिलंय, दिशा बरोबर आहे. जोडा तुम्ही."

"तुमी पायलं ना? मंग झालं," म्हणत त्यांनी पान पाण्यात सोडून दिलं.

मी पाहिलं नव्हतं. मोटार उलटी फिरली. पंपाच्या आतला, आट्यांवर पिळून बसवलेला पंखा उलट्या फेऱ्यांनी सुटला, कवच तडकलं. माणसं सुखरूप वर आली, पण खालचे दोन बोगदे बुडाले.

चौकशीत सोमाभाऊ सरळ म्हणाले, "साहेब, बाबू बोलले का मी पायलं म्हणून."

"मी असं काही बोललो नाही," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. हरवलेली वस्तू शोधावी तसे ते स्वतःच्याच आत काही शोधत होते. मग हळूच म्हणाले, "बाबू खोटं काऊन बोलतीन? माझीच याद गेली असन, साहेब."

त्यांना कामावरून काढलं. माझी नोकरी राहिली.

पुढं कधीतरी कामानिमित्त अहेरीला गेलो होतो. बाजारात ते दिसले. मिठाच्या दुकानापुढं उभे राहून विचारत होते, "मीठ घेतलं का म्या, बाप्पा?"

"हातात पुडी हाय ना, सोमाभाऊ! कितीक डाव इचारता?"

"आपल्या यादेचा भरोसा नाई राह्यला, बाप्पा. माजरीले असतानीच गेली ते."

मी दहा पावलांवर उभा होतो. ऊन पांढरं होतं आणि बाजाराचा गलबला पाण्याखालून यावा तसा येत होता. ते पुडी छातीशी धरून निघून गेले. पुढच्या पावसाळ्यात ते वारल्याचं कळलं.

त्या दहा पावलांवरून बोलायचं होतं ते एवढंच: सोमाभाऊ, तुम्हाला बरोबर आठवत होतं. पाहिलं असं मीच म्हणालो होतो. मला माफ करा.