दुसऱ्याच्या गादीची काळजी

यवतमाळ जिल्ह्यातलं एखादं दुकान बापाकडून लेकराच्या हाती जायचं असेल आणि त्या काळजीनं कोणाचा रक्तदाब वाढत असेल, तर तो बापाचा नसतो, लेकराचाही नसतो; तो आमच्या साडभाऊंचा असतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. स्वतःचं दुकान त्यांनी कधी टाकलं नाही. सारी नोकरी वजनमापे खात्यात गेली. तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा आणि पुढचं गाव गाठायचं. या फिरतीत त्यांनी जिल्ह्यातली किराणा दुकानं, तेलघाण्या आणि सराफांच्या पेढ्या अगदी आतून पाहिल्या. म्हातारा गादीवर चिकटून बसला की दुकान त्याच्यासोबतच जातं, हे तेव्हाच त्यांच्या मनानं घेतलं. खात्यानं त्यांना कधीचं निवृत्त केलं, पण ही काळजी काही निवृत्त झाली नाही.

दुकानात शिरल्यावर इतर माणसं माल बघतात, साडभाऊ गल्ल्याची किल्ली बघतात. ती म्हाताऱ्याच्या कमरेच्या करगोट्याला दिसली की त्यांच्या छातीत धडधड सुरू होते. एकदा माझ्या मेव्हणीनं त्यांना हळद आणायला पाठवलं. सकाळी गेलेला माणूस दुपार टळल्यावर हात हलवत परतला. ती चिडली, तर म्हणाले, "हळदीचं काय घेऊन बसली? त्या पोराचे केस पांढरे झाले, अन बाप अजून त्याले पोते उतरव म्हणते. काय होईल त्या दुकानाचं?" त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि बिनहळदीची भाजी बाकीच्यांनाही गेली नाही. मयतीच्या बैठकीलाही हा माणूस दोन मिनिटं मान खाली घालून बसतो आणि मग हळूच शेजाऱ्याला विचारतो, "दुकान कोण उघडून राह्यलं सध्या?" लोक रागावतात. पण ज्याचं दुकान असतं तो रागावत नाही, तो यांना बाजूला घेऊन बोलत बसतो.

त्यांचा इलाज एकच. बापाला काही दिवस गावाबाहेर काढायचं, त्याचा फोन आपल्या पिशवीत टाकायचा आणि दुकान पूर्णपणे लेकराच्या हवाली करायचं. "बाप जिता हाय तवरच दुकानाची बापाची सवय मोडली पाहिजे," असं ते म्हणतात. बापासोबत ते स्वतः जातात, कारण तो पळून येईल याची त्यांना भीती असते. एका चहापत्तीवाल्याला ते असंच फुलसावंगीला घेऊन गेले होते. चहापत्तीवाला बऱ्याच वर्षांनी गाढ झोपला. हे मात्र ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिले आणि उजाडताच त्यांनीच त्याच्या पोराला फोन लावला: "सारं ठीक हाय ना रे? शटर उघडलं ना?" चहापत्तीवाला अजूनही ही गोष्ट सांगतो.

इतरांचं हे सगळं ऐकून मी पोट धरून हसायचो. मग माझी पाळी आली. दारव्ह्याला आमचं बिछायत केंद्र आहे. लग्नाकार्याला मंडप, खुर्च्या, भांडी भाड्यानं देतो. आजोबांपासूनचा धंदा. माझी मुलगी पल्लवी कॉलेज संपल्यापासून माझ्यासोबत आहे. गिऱ्हाईक तिला विचारतं आणि उत्तर मी देतो, असं आमचं चाललं होतं. ते तिला किती लागत होतं हे मला कळलं नाही. या उन्हाळ्यात तिनं ताट वाढता वाढता सांगितलं, "बाबा, यवतमाळच्या एका डेकोरेशनवाल्यानं मले बोलावलं हाय. बोरी अरबकडच्या तांड्यातलं लग्न मले एकटीले करू द्या. नाही जमत असन तुम्हाले, तर मी चालली यवतमाळले." तिला दुसरं भावंड नाही. ती गेली असती तर आमचं दुकान माझ्यासोबतच संपलं असतं.

ही बातमी बायकोनं बहिणीला कळवली असणार. कारण दुसऱ्याच दिवशी साडभाऊ दारात उभे. "कपडे भरा," एवढंच म्हणाले. माझा फोन त्यांच्या पिशवीत गेला आणि आम्ही दोघं राळेगावला त्यांच्या जुन्या खात्यातल्या मित्राकडे जाऊन पडलो. मी बरा होतो हो. हेच दर तासाला आभाळाकडे बघून म्हणायचे, "तिकडं वारं तर नसन?" मला धीर द्यायला आलेल्या माणसाला धीर देण्यातच माझा वेळ जात होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि मला पहिली खुटी आठवली. आमच्याकडे मंडपाची पहिली खुटी मालकाच्या हातची असते. मालकानं घण मारून ती जमिनीत ठोकल्याशिवाय आमचे गडी बांबूला हात लावत नाहीत. आजोबांनी मारली, वडिलांनी मारली, मग मी. आजारी होतो तेव्हाही मला खुर्चीत बसवून मंडपाच्या जागेवर नेलं होतं. पल्लवीनं हे सारं लहानपणापासून पाहिलेलं, पण घण मी तिच्या हाती कधी दिला नव्हता, आणि गड्यांना निघताना काही सांगितलंही नव्हतं. ते बिड्या ओढत माझी वाट बघत बसले असतील आणि तिकडे वरात येईल.

मी हे सांगितलं तेव्हा साडभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "हे तुम्ही मले आधी काहून नाही सांगतलं?" त्यांनी पिशवी उपडी केली, फोन शोधला, पल्लवीला लावला. लागेना. पुन्हा लावला. मग आम्ही तसेच निघालो. राळेगावहून यवतमाळ, यवतमाळहून दारव्ह्याची एसटी. साडभाऊ ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून त्याला सारखे म्हणत होते, "दादा, पोरीच्या लग्नाचा मंडप हाय." कोणाच्या पोरीच्या ते त्यांनी सांगितलं नाही. ड्रायव्हरनं मात्र बिचाऱ्यानं गाडी पळवली. मी घामानं निथळत होतो. लग्न बिघडलं तर पल्लवी थांबणार नाही, आणि मीच ते बिघडवून आलोय, हे डोक्यातून जात नव्हतं.

तांड्याच्या वळणावर उतरलो आणि समोर मंडप दिसला. उभा, ताणलेला, चारी बाजूंनी कनात लागलेली. आमचा सगळ्यात जुना गडी शंकर खुर्च्या मांडत होता. मी त्याला धापा टाकतच विचारलं, खुटी कोणी मारली.

"ताईनं मारली," तो म्हणाला. "सकाळीच."

"अन तुम्ही काही म्हटलं नाही?"

"काय म्हणाव, भाऊ? मालकिणीच्या हातची होती."

तो पुढच्या रांगेकडे गेला. मी तिथंच उभा राहिलो. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू, पण छातीत काहीतरी तुटल्यासारखंही झालं होतं. तेवढ्यात पल्लवी आली. आम्हाला बघून तिनं कपाळाला हात लावला, मग हसली. "आले ना शेवटी? मावसाजी, बाबाले घेऊन पह्यल्या पंगतीत बसा. पाव्हण्यासारखे जेवा." आणि गेली.

मंडपवाला कधी पहिल्या पंगतीत बसत नाही. मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बसलो आणि पानाऐवजी मंडपाचे बांबूच बघत राहिलो. साडभाऊ शेजारी बसून पोळीचा तुकडा नुसता चिवडत होते. मग म्हणाले, "दुखन थोडे दिवस. पण तुम्हाले कोणी तरी ऊठ म्हटलं, साडभाऊ. मी खात्यातल्या खुर्चीवरून उठलो तर दुसऱ्या दिवशी तिथं भलताच माणूस येऊन बसला. माह्या पोराले विचारलं, तुले माह्यापासून काय पाहिजे, तर म्हणे, बाबा, तब्येत सांभाळा. चांगला हाय पोरगा. पण पेन्शन काही कोणाच्या हाती देता येत नाही."

मी वाढप्याला हाक मारून त्यांच्या पानात बुंदी वाढायला सांगितली. त्यांनी नको म्हटलं नाही. मंडपाच्या टोकाकडून पल्लवीचा आवाज आला, "अरे, त्या कोपऱ्याचा दोर ढिला पडून राह्यला, ताणा थोडा." आम्ही दोघंही एकदमच उठायला गेलो. साडभाऊंनी माझा हात धरला, मी त्यांचा, आणि आम्ही तसेच पानावर परत बसलो.